मुशिहिमेसामा, ओरिजिनल मोड: पाचव्या स्टेजच्या दारात

मुशिहिमेसामा हा वरून येणाऱ्या गोळ्या चुकवत शत्रू टिपायचा व्हिडिओ गेम, म्हणजे ‘शूटर’. आधी हिशेब. ओरिजिनल मोड, एम-पॉवर शॉट (मधल्या जातीचा मारा), फॉर्मेशन ऑप्शन (सोबत ठरलेल्या रचनेत राहून गोळ्या मारणारे साथीदार), सगळी सेटिंग कारखान्यातून आलेली तशीच, आणि क्रेडिट एकच, म्हणजे मेल्यावर नवं नाणं टाकून पुढे जाणं नाही. पहिल्या तीन स्टेज आता बहुतेक वेळा लाईफ न गमावता निघतात. चौथीचा बॉस एकदोन बॉम्ब (गोळ्या पुसून टाकणारं, मोजकंच मिळणारं अस्त्र) खातो, पण पडतो. पाचवीत मध्यापर्यंत पोचतो आणि तिथेच गाशा गुंडाळावा लागतो. गेल्या नोंदीत मी तिसऱ्या स्टेजच्या बॉसवर अडकलो होतो, म्हणजे गाडी पुढे सरकलीय.

नव्याने आलेल्या मंडळींसाठी थोडक्यात. हा गेम केव्ह या जपानी कंपनीचा, २००४ साली आर्केडमध्ये आलेला. रेको नावाची राजकन्या सोनेरी भुंग्यावर बसून जंगलात निघते, गावात पसरलेल्या रोगावर उपाय मागायला. एकूण पाच स्टेज, तीन मोड. ओरिजिनलमध्ये गोळ्या कमी पण वेगवान, मॅनिअ‍ॅकमध्ये संथ पण दाट, आणि अल्ट्राबद्दल इथे काही बोलत नाही, माझी ती पायरी नाही. मी खेळतो ती पीसीवरची आवृत्ती, नोव्हेंबर २०१५ मध्ये स्टीम या ऑनलाईन गेम-दुकानात आलेली. सेल लागतो तेव्हा बऱ्यापैकी स्वस्त मिळते.

केव्हची वंशावळ जाणून घेतली तर हा गेम जास्त कळतो असं माझं मत आहे. तोआप्लान नावाची जुनी कंपनी १९९४ साली बुडाली. तिच्यातून बाहेर पडलेल्यांनी त्याच वर्षी केव्ह उभी केली. तोआप्लानच्या शेवटच्या शूटरांपैकी एक बात्सुगुन, १९९३ चा. पडदा गोळ्यांनी भरून टाकायचा, पण खेळाडूला मधून निसटायला फटी ठेवायच्या, ही कल्पना तिथे नीट दिसायला लागते. त्यावर काम केलेले त्सुनेकी इकेदा पुढे केव्हच्या शूटरांचा कणा झाले. १९९५ ला दोनपाची, १९९७ ला दोदोनपाची, आणि मग पंधरा-सोळा वर्षं हीच वाट. दोदोनपाचीने जे केलं त्याची नक्कल अजून चालू आहे: विमान मोठं दिसतं, पण मरायला गोळी लागावी लागते ती मध्यावरच्या काही पिक्सेलनाच. बाकी पंख, शेपटी, सगळं शोभेचं. रेकोच्या बाबतीतही तेच. भुंग्याच्या पायाला गोळी घासून गेली तरी काही होत नाही.

हे ठाऊक असणं वेगळं आणि डोळ्यांनी ते मानणं वेगळं. सुरुवातीला माझी नजर भुंग्याच्या कडांवर असायची, त्यामुळे जिथून सहज जाता येतं तिथेही अंग चोरायचो. आता नजर रेकोपासून वर, साधारण पडद्याच्या मधल्या एक-तृतीयांश भागात असते, आणि स्वतःची जागा डोळ्यांच्या कोपऱ्यातून कळते. कुणी सांगून हे येत नाही, खेळून खेळूनच बसतं.

आता मुद्द्याचं. चौथी स्टेज निघायला लागली ती बोटं जलद झाली म्हणून नाही. गोळ्यांच्या जाती ओळखता यायला लागल्या म्हणून.

केव्हच्या गेममध्ये ढोबळमानाने दोन प्रकारच्या गोळ्या असतात. एक, तुमच्या दिशेने नेम धरून मारलेल्या. दुसऱ्या, तुम्ही कुठेही असा, ठरलेल्या कोनातच जाणाऱ्या. ठरलेल्या गोळ्या म्हणजे भिंती, त्या पाठ करायच्या. नेमाच्या गोळ्या मात्र तुमच्या ताब्यात असतात, कारण शत्रूने बंदूक उचलली त्या क्षणी तुम्ही जिथे होता तिथेच ती गोळी येणार. म्हणून नेमाचा मारा सुरू झाला की एका कडेपासून सुरुवात करायची आणि अगदी हळू, जेमतेम अंगाच्या रुंदीएवढं सरकत राहायचं. सगळी रांग पाठीमागून निघून जाते. घाबरून मोठी उडी मारली की गोळ्या पडदाभर विखुरतात आणि पळायला जागाच उरत नाही.

अडचण येते ती दुसऱ्या कडेला पोचल्यावर. तिथे परत फिरावं लागतं, आणि रांग भिंतीसारखी आडवी उभी असते. कबड्डीत चढाईला गेलेला गडी अख्ख्या बचावफळीला एका कोपऱ्याकडे ओढतो आणि मग झटक्यात उलटा निघतो ना, तसंच करावं लागतं: कडेशी पोचण्याच्या थोडं आधी एक वेगवान पाऊल वरच्या किंवा खालच्या तिरक्या दिशेने, रांगेत फट पडते, तिच्यातून पलीकडे. ओरिजिनलमध्ये गोळ्या वेगवान असल्याने हे वळण जिथे घ्यायचं ती जागा आधीच ठरवून ठेवावी लागते. तिसऱ्या आणि चौथ्या स्टेजमध्ये माझी बहुतेक मेहनत याच जागा शोधण्यात गेली.

सम-विषमचं गणित त्याहून मजेदार. शत्रू एकाच वेळी पंख्यासारख्या गोळ्या सोडतो. गोळ्या तीन किंवा पाच असतील तर मधली तुमच्यावरच येते, हलावंच लागतं. दोन किंवा चार असतील तर त्या तुमच्या दोन्ही बाजूंनी जातात, आणि हललात तरच मरता. जपानी खेळाडूंमध्ये हे बाळकडूसारखं आहे. आपल्याकडे मात्र गोळी दिसली की पळ, हाच संस्कार. एखाद्या शत्रूसमोर मुद्दाम हात थोपवून बसणं आणि दोन गोळ्या कानाजवळून जाऊ देणं, यासाठी वेगळं धाडस लागतं. ते जमलं तेव्हा चौथ्या स्टेजचे दोन-तीन अवघड टप्पे अचानक सोपे वाटायला लागले.

लेझरबद्दल. बटण टकटक दाबलं तर पसरट शॉट, दाबून धरलं तर लेझर, आणि लेझर चालू असताना रेको हळू होते. तो हळूपणा म्हणजे शिक्षा नव्हे, ते साधन आहे. दाट जागेत बारीक सरकायचं असेल तर शत्रू समोर असो वा नसो, लेझर धरून ठेवायचा. शॉटच्या जातीवर बरेच वाद होतात. डब्ल्यू-पॉवर पसरट पण भुंगा संथ, एस-पॉवर अरुंद पण भुंगा सुसाट. ओरिजिनलमध्ये एस घ्या असं काहीजण सांगतात, कारण गोळ्या वेगवान आहेत तर पायही वेगवान हवेत. माझा अनुभव उलटा. एसमध्ये बारीक सरकणं अवघड जातं, आणि वर सांगितलेलं सगळं तंत्र बारीक सरकण्यावरच उभं आहे. एम पुरतो.

सेटअप. मॉनिटर उभा केलाय. आर्केडचा पडदा उभाच असतो, आणि गेममध्ये चित्र फिरवायची सोय आहे. आडव्या मॉनिटरवर दोन्ही बाजूंना पट्ट्या राहतात आणि खेळाचा भाग जेमतेम मोबाईलच्या मोठ्या भावाएवढा दिसतो. उभा केल्यावर वरून येणाऱ्या गोळ्या लवकर दिसतात असं नाही, पण वाचता नक्की येतात. माझ्या मॉनिटरचा स्टँड फिरत नाही, त्यामुळे तो भिंतीला टेकवून जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ठेवलाय. घरच्यांचं मत विचारू नका. लॅगचंही बघा, म्हणजे बटण दाबल्यापासून पडद्यावर दिसेपर्यंतचा उशीर. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदाची. टीव्हीवर खेळत असाल आणि गेम मोड बंद असेल तर सहज चार-पाच फ्रेम तिथेच जातात. ओरिजिनलच्या वेगाला ते परवडत नाही.

स्टिक की कीबोर्ड, या वादात मला पडायचं नाही. मी कीबोर्डवर आहे.

स्लोडाऊनबद्दल मात्र दोन शब्द जास्त लिहितो, कारण त्यावर गैरसमज फार. पडदा गच्च भरला की गेम संथ होतो आणि नवखे म्हणतात, पोर्ट (आर्केडवरून पीसीवर आणलेली आवृत्ती) बिघडलाय. अजिबात नाही. मुशिहिमेसामा ज्या बोर्डवर पहिल्यांदा आला त्यात एसएच-३ प्रोसेसर आणि चित्रं पडद्यावर उतरवण्यासाठी एक एफपीजीए चिप होती. चित्रं खूप झाली की त्या चिपला वेळ लागायचा आणि गेम तिची वाट बघत थांबायचा. केव्हच्या लोकांनी ती अडचण लपवली नाही, तिच्यावरच खेळ रचला. जिथे गोळ्या सर्वांत दाट, तिथेच वेळ संथ होतो आणि माणसाला विचार करायला जागा मिळते. जुन्या एमुलेटरवर (आर्केड यंत्राची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर) हे संथपण बरोबर उतरत नसे, त्यामुळे गेम पूर्ण वेगाने पळायचा आणि काही जागा माणसाच्या हाताबाहेर जायच्या. तसं खेळून कुणी ‘हा गेम अशक्य आहे’ म्हणालं, तर त्याचं म्हणणं एका अर्थी खरंच आहे, फक्त तो गेम वेगळा आहे.

स्लोडाऊन संपतो तो क्षण मात्र जपायचा. मोठा शत्रू फुटतो, गोळ्या गायब होतात, वेग एकदम परत येतो, आणि बाजूने आलेला छोटा किडा तुम्हाला उडवतो. माझे चौथ्या स्टेजमधले कितीतरी मृत्यू असेच, अवघड भाग पार झाल्यावर. आता मोठं काही फुटायच्या आधीच मी पडद्याच्या खालच्या मध्याकडे परतायला लागतो.

बॉम्बचा हिशेब सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात कामाचा. मेलात की हातातले बॉम्ब गेले आणि नव्या लाईफबरोबर परत मिळाले, म्हणजे बॉम्ब शिल्लक ठेवून मरणं हा शुद्ध तोटा. मी आता बॉम्ब ठरवून टाकतो, वाचण्यासाठी नाही. कागदावर लिहिलंय: कोणत्या स्टेजमध्ये कुठल्या जागी बॉम्ब जाणारच. त्या जागा टाळता येतात का हे बघायचा मोह होतो. प्रॅक्टिस मोडमध्ये तो मोह पुरवायचा, खऱ्या खेळात नाही. गुणांच्या भानगडीत मी अजून पडत नाही. बॉस फुटल्यावर गोळ्यांचे रत्नांत रूपांतर होतं तेव्हा ती गोळा करायला हात शिवशिवतो, तेवढंच.

एक वादग्रस्त मत. नव्या माणसाला सरसकट ‘ओरिजिनलपासून सुरुवात कर’ असं सांगितलं जातं. मला ते पूर्ण पटत नाही. ओरिजिनलमध्ये तोआप्लानचं रक्त जास्त आहे: गोळी एकच येते, पण ती अशी येते की आधी तिथे नसणं हाच उपाय. केव्हची खरी ओळख म्हणजे फुलांच्या पाकळ्यांसारखे उमलणारे संथ पॅटर्न, आणि ते मॅनिअ‍ॅकमध्ये दिसतात. ज्याला या गेमच्या प्रेमात पडायचंय त्याने आधी मॅनिअ‍ॅकच्या पहिल्या दोन स्टेज खेळाव्यात, लाईफ मोजू नयेत. तंत्र शिकायचं असेल तेव्हा ओरिजिनलकडे यावं. लहानपणी व्हिडिओ गेम पार्लरमध्ये ‘मुस्तफा’ या गेमवर नाणी घालून वाढलेल्या आपल्या पिढीला कंटिन्यूची सवय आहे. नाणं टाका, पुढे चला. या गेममध्ये कंटिन्यू करून शेवटपर्यंत जाता येतं, पण हाताला काही लागत नाही.

पुढचं काम असं. पाचव्या स्टेजचा मधला भाग फक्त प्रॅक्टिस मोडमध्ये, पूर्ण रन तूर्तास बंद. तिथे दोन्ही बाजूंनी एकाच वेळी नेमाच्या गोळ्या येतात, म्हणजे एका बाजूला ओढून दुसरीकडे निघायचं तंत्र जसंच्या तसं चालत नाही. सध्या डावीकडचा शत्रू आधी संपवून उजवीकडे सरकायचा बेत आहे. तो नीट बसला तर बॉससाठी दोन बॉम्ब उरतात, आणि माझ्या कागदावर बॉसला तेवढेच लिहिलेत. कुणी एम-पॉवरने हा भाग बॉम्बशिवाय काढला असेल तर कुठून शिरलात तेवढं सांगा, रिप्ले (खेळाची साठवलेली नोंद) असेल तर उत्तम.