तांबोपाताच्या जंगलात एक रात्र, आणि परतीची वाट कयाकमधून

पेरूच्या आग्नेय कोपऱ्यात, बोलिव्हियाच्या सीमेला लागून तांबोपाता राष्ट्रीय राखीव क्षेत्र आहे. २००० साली जाहीर झालेलं हे वर्षावन २,७४,६९० हेक्टरांवर पसरलंय. सुरुवात पुएर्तो माल्दोनादो या शहरातून होते. तिथेच तांबोपाता नदी माद्रे दे दिओस नदीला मिळते. लिमाहून विमान येतं, कुस्कोहून रात्रीची बसही आहे. हा वृत्तांत जुलैमधल्या दोन दिवसांचा आहे: पहिल्या दिवशी मोटरबोटीने प्रवाहाच्या उलट जाऊन नदीकाठी मुक्काम, दुसऱ्या दिवशी कयाकमधून, म्हणजे वल्हवायच्या अरुंद होडीतून, प्रवाहाबरोबर खाली.

निघण्यापूर्वीचं सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे पीतज्वराची लस. ती किमान १० दिवस आधी घ्यावी लागते. भारतात परतणाऱ्यांनी पिवळं प्रमाणपत्र पासपोर्टसोबतच ठेवावं. पेरूहून येणाऱ्याकडे ते नसेल तर ६ दिवसांपर्यंत वेगळं ठेवलं जाऊ शकतं. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांशी बोलून ठरवा. राखीव क्षेत्राच्या चौकीवर नोंद होते, म्हणून पासपोर्ट हाताशी लागतो, पण तो झिपच्या प्लास्टिक पिशवीत. परवाने आणि मुक्कामाची जागा हे गाइडचं काम. तरीही पैसे भरण्याआधी चार गोष्टी विचारून घ्या: गाइड अधिकृत आहे का, कयाकसोबत मोटरबोट चालणार का, सॅटेलाइट फोन आहे का, आणि लाइफ जॅकेट आपल्या मापाचं मिळेल का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं तर दुसरा गाइड शोधावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

कोरडा हंगाम साधारण मे ते ऑक्टोबर. तेव्हा पाणी उतरतं, वाळूचे काठ उघडे पडतात आणि तंबूला जागा मिळते. पण याच हंगामात ‘फ्रियाहे’ येतो. दक्षिणेकडून थंड हवेची लाट घुसते आणि ३० अंशांच्या वरचं तापमान एका दिवसात १२-१५ अंशांवर येतं. असे दोन-चार दिवस जातात. वर्षावन म्हणजे उकाडा असं धरून चालणारे इथे फसतात, कारण ओल्या कपड्यांत, वाऱ्यात, कयाकवर बसून १५ अंश सोसत नाहीत. एक पातळ फ्लीस, एक वाऱ्याला अडवणारं जाकीट आणि हलकी स्लीपिंग बॅग जुलैतही घ्याच.

बाकी सामान कमी असावं, पण कोरडं असावं. प्रत्येकी २० लिटरची एक ड्राय बॅग कपड्यांना आणि ५ लिटरची एक औषधं, टॉर्च, कॅमेऱ्याला. पिशवीतली हवा दाबून काढा, तोंडाच्या किमान तीन घड्या घाला, मगच बकल लावा. गच्च भरलेल्या पिशवीला एकच घडी बसते आणि पाणी तिथूनच शिरतं. झोपायचा एक जोड वेगळा ठेवा. तो दिवसा काही झालं तरी घालायचा नाही. सकाळी ओलेच कपडे पुन्हा चढवायचे. जिवावर येतं, पण काहीतरी कोरडं उरतं ते यामुळेच. गमबूट बहुतेक गाइड देतात. मोठ्या मापाचे पाय असतील तर आधी कळवा. शाकाहारी असाल तर तेही आदल्या दिवशीच सांगा. भात, केळी आणि युका नावाचा कंद सहज मिळतात, पण बोट निघाल्यावर स्वयंपाक बदलता येत नाही.

कीटकांना दूर ठेवायला अंगाला लावायचं २० ते ३० टक्के डीट हे रसायन पुरतं. मात्र डीटने प्लास्टिक विरघळतं, त्यामुळे घड्याळ, चष्मा, कॅमेऱ्याला हात लावण्याआधी तळवे पुसा. कपड्यांवर परमेथ्रिन हे कीटकनाशक घरीच फवारून वाळवून आणा.

आता मिठाबद्दल थोडं सविस्तर, कारण ते कळलं की इथल्या कितीतरी गोष्टी उलगडतात. समुद्रापासून इतक्या दूर, पश्चिम ॲमेझॉनात मिठातलं सोडियम दुर्मीळ आहे. म्हणून मकाव पोपट पहाटे नदीकाठच्या मातीच्या कड्यांवर जमून चिकणमाती खातात. म्हणून ओंडक्यावर ऊन खात बसलेल्या तारिकाया कासवाच्या डोळ्यांतलं पाणी फुलपाखरं पितात. आणि म्हणूनच घामेजलेल्या माणसावर छोट्या मधमाश्या तुटून पडतात. त्यांना झटकू नका. बाही आणि कॉलरमध्ये अडकल्या की डसतात. लांब बाह्यांचा सैल शर्ट घाला, मुक्कामी पोचताच घाम धुऊन टाका, घामाचा शर्ट तंबूपासून लांब वाळत घाला.

मुक्कामाला तीन वाजेपर्यंत पोचायला हवं. जुलैत साडेपाचच्या आत सूर्य बुडतो आणि झाडीखाली अंधार त्याही आधी होतो. तंबू पाण्यापासून लांब असून भागत नाही, तो उंच हवा. इथे थेंबही न पडता नदी रात्रीतून चढते, कारण पाऊस वर अँडीजच्या पायथ्याशी झालेला असतो. पाण्याच्या कडेला एक काठी रोवा, झोपताना आणि मध्यरात्री ती पाहा. वर मान करून वाळलेली फांदी नाही ना, तेही बघा. खाली पानं वाहणाऱ्या मुंग्यांची वाट नसावी. त्या तंबूचं कापडही कातरतात. जुलै-ऑगस्टमध्ये तारिकाया याच वाळूत अंडी घालतात, म्हणून गाइडने ‘इथे नको’ म्हटलेल्या जागी जाऊ नका. बूट काठीवर उलटे टांगा आणि सकाळी झटकूनच घाला. झाडाचा आधार घेताना आधी पाहायचं, मग हात लावायचा. इसुला मुंगीचा दंश चोवीस तास ठणकतो.

नदीचं पाणी गढूळ असतं. ते थेट फिल्टरमध्ये ओतलं की फिल्टर गाळाने बंद पडतो. बादलीत रात्रभर निवळू द्या, वरचं गाळा, मग एक मिनिट खळखळून उकळा. माणशी दिवसाला ३ लिटर धरा. शौचाचा खड्डा पाण्यापासून ६० मीटर दूर, १५-२० सेंटीमीटर खोल. कागद पिशवीत परत.

कयाक सकाळी साडेसहाला पाण्यात. दोघांच्या कयाकमध्ये पुढचा लय ठरवतो, मागचा दिशा देतो. जड माणूस मागे. लाइफ जॅकेट बांधल्यावर कुणाला तरी खांद्याचे पट्टे वर ओढायला सांगा. ते कानापर्यंत आलं तर सैल आहे.

या नदीत खरी भीती केमनची, म्हणजे इथल्या मगरींची, नाही, पडलेल्या झाडांची आहे. वळणाच्या बाहेरच्या काठाची माती ढासळते, झाडं पाण्यात आडवी होतात. फांद्यांतून पाणी आरपार जातं, होडी अडकते. म्हणून वळणाच्या आतल्या बाजूने, पण वाळू लागणार नाही इतकं सुटून जायचं. दिशा खूप आधी बदलायची. तरीही प्रवाहाने ओंडक्यावर नेलंच, तर अंग ओंडक्याकडे झुकवा. मन उलटं सांगतं, दूर कलावंसं वाटतं. पण तसं केलं की वरून येणारं पाणी कयाकमध्ये भरतं आणि ती उलटते. ‘पेके-पेके’ ही इथली मोटरहोडी लाटा सोडत गेली तर कयाकचं नाक लाटेकडे वळवा.

उतरताना पाय उचलून टाकू नका, वाळूवर घासत न्या. गढूळ उथळ पाण्यात स्टिंगरे हा चपटा मासा बसलेला असतो. पायाची चाहूल लागली की तो सरकतो, अंगावर पाय पडला तर नांगी मारतो. मारलीच तर जखम धुऊन, सोसेल इतक्या गरम, साधारण ४० ते ४५ अंशांच्या पाण्यात तासभर बुडवून ठेवा आणि बोट लगेच दवाखान्याकडे वळवा. नदीतले मोठे शिकारी मासे खाऊ नयेत. सोन्याच्या खाणकामातला पारा त्यांच्यात साठतो. त्यासाठी २०१६ मध्ये माद्रे दे दिओसमध्ये आणीबाणी जाहीर झाली होती.

परतल्यावर काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, उघड्या भागावर न दुखणारी आणि न भरणारी जखम दिसली तर ती साधं गळू समजू नका. नेहमीच्या मच्छरदाणीतूनही आत येणाऱ्या वाळूमाशीमुळे इथे लिश्मॅनियासिस हा त्वचेचा आजार होतो. डॉक्टरांकडे जाल तेव्हा तांबोपाताचं नाव आणि प्रवासाच्या तारखा सर्वांत आधी सांगा.