लो बारपासून मॅनकल्सपर्यंत: कॉर्नवॉलमधल्या बुडालेल्या जहाजांच्या वाटेनं

"सपाट आहे, समुद्राच्या कडेकडेनं जायचंय, चपला घालूनसुद्धा होईल." इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधल्या लिझर्ड द्वीपकल्पाबद्दल आम्ही जे जे वाचलं आणि ऐकलं, त्याचा सारांश एवढाच होता. सांगणारे बहुतेक गाडीतून उतरून, फोटो काढून परत गाडीत बसलेले असावेत. लो बार हा खड्यांचा बांध त्यांनी पायी ओलांडलेला नाही, हे मात्र मी छातीठोक सांगतो. म्हणून हे लिहायला बसलोय. सह्याद्रीत पाठीवर सॅक घेऊन दिवसभर चालायची सवय आहे असं गृहीत धरतोय. बूट कुठले घ्यावेत, पाणी किती न्यावं, हे इथे मिळणार नाही.

आम्ही तिघं होतो: मी, मेव्हणा आणि त्याचा रेडिंगचा एक मित्र. या किनाऱ्यावर फिरायला लाखो लोक येतात, आमचं खूळ निराळं होतं. नेपोलियनच्या युद्धांच्या काळात, २९ डिसेंबर १८०७ ते २२ जानेवारी १८०९ या साधारण तेरा महिन्यांत, या एवढ्याशा द्वीपकल्पाभोवती ॲन्सन, डिस्पॅच आणि प्रिमरोज ही तीन सरकारी कामावरची जहाजं बुडाली. तिन्ही जागा एका पायवाटेवर आहेत. पश्चिमेला पोर्थलेवनहून निघायचं, लिझर्डच्या टोकाला वळसा घालायचा आणि कव्हरॅकवरून पूर्वेला सेंट केव्हर्न गावात संपवायचं. पोर्थलेवन ते लिझर्ड सुमारे २२ किलोमीटर, लिझर्ड ते कव्हरॅक सुमारे १७, आणि तिथून पुढे थोडंसं.

पोर्थलेवनमध्ये वेळ घालवू नका. चहा प्या, बंदराच्या तोंडाशी ठेवलेल्या ॲन्सनवरच्या तोफा बघा आणि निघा. या बंदरासाठी १८११ मध्ये पार्लमेंटात कायदा झाला, काम १८२५ मध्ये संपलं. वादळात सापडलेल्या जहाजांना आसरा म्हणून बांधलं आणि तोंड ठेवलं नैर्ऋत्येकडे, म्हणजे वादळ येतं नेमकं तिकडेच. आतल्या भागाचं तोंड लाकडी ओंडके टाकून बंद करावं लागतं. यापेक्षा जास्त बोलत नाही.

आता लो बार. पोर्थलेवनहून तासाभरात, गप्पा मारत, रुंद रस्त्यानं इथे पोचता. डावीकडे लो पूल हे कॉर्नवॉलमधलं गोड्या पाण्याचं सगळ्यात मोठं नैसर्गिक तळं, उजवीकडे समुद्र आणि दोघांच्या मध्ये खड्यांचा आडवा बांध. वरून बघितलं तर पिवळसर वाळूची पट्टी वाटते. वाळू नाहीये ती. शेंगदाण्यापासून चिंचोक्यापर्यंतच्या मापाचे गारगोटीचे गुळगुळीत खडे आहेत, आणि ते एकमेकांना धरून बसत नाहीत. गावातल्या एका दुकानदारानं आम्हाला प्रेमानं सांगितलं होतं, "पाण्याच्या कडेनं चाला, तिथे घट्ट लागतं." वाळूच्या किनाऱ्यावर हे खरं आहे. इथे हा सल्ला जीव घेऊ शकतो.

कारण सांगतो. बांधाचा समुद्राकडचा उतार घसरगुंडीसारखा तीव्र आहे आणि तो पाण्याखालीही तसाच उतरत जातो. त्यामुळे लाट लांबवर फुटून मवाळ होऊन येत नाही. उभीच्या उभी येते आणि पायाशी आदळते. आदळली की परत जाताना वरचा खड्यांचा थर ओढून नेते. त्या थरावर तुम्ही उभे असाल तर तुम्हीही निघालात. आम्ही पाण्यापासून बऱ्याच वर होतो, हवा शांत होती, तरी एक लाट बाकीच्यांपेक्षा वर चढली आणि मेव्हण्याच्या पायाखालचे खडे निघून गेले. तो हातांवर पडला, रांगत वर आला. पाणी घोट्याच्या वर नव्हतं. वर येईपर्यंत त्याला जो दम लागला, तो राजमाचीच्या चढावरही लागला नव्हता. एक पाऊल टाकलं की अर्धं मागे येतं. सुक्या घसाऱ्यात निदान झुडूप तरी हाताला लागतं.

पोहू नका असे फलक आहेत. मी म्हणतो, पाय भिजवायलाही जाऊ नका. ओलांडताना तळ्याच्या बाजूनं, जिथे खड्यांमध्ये हिरवळ धरलेली आहे तिथून जा. जमीन तिथे बरीच घट्ट आहे. पलीकडून गनवॉलोपर्यंत खालून किनाऱ्यानं जाता येतं असं काहींनी लिहिलंय. जाता येतं, पिंढऱ्यांची वाट लागते. वरची पायवाट धरा.

आणि आता ॲन्सन, कारण तिथे धडपडल्याशिवाय ती गोष्ट मला कळली नव्हती. मुळातलं ६४ तोफांचं जहाज. १७९४ मध्ये वरचा डेक कापून त्याची ४४ तोफांची फ्रिगेट, म्हणजे हलकी, वेगवान युद्धनौका केली. १८०७ च्या नाताळाच्या आदल्या दिवशी फ्रान्सच्या ब्रेस्ट बंदराची नाकेबंदी करायला ते फालमथहून निघालं. नैर्ऋत्येचं वादळ उठलं, कप्तान चार्ल्स लिडियर्डनं परत फिरायचं ठरवलं, पण किनारा ओळखण्यात घोटाळा झाला आणि जहाज माउंट्स बेच्या खोबणीत सापडलं. शिडाचं जहाज वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही. दोन्ही बाजूंना पुढे आलेली जमीन आणि मोकळ्या बाजूनं वारा, म्हणजे बाहेर पडायचं दारच बंद. नांगर टाकले. २९ तारखेच्या पहाटे दोरखंड तुटले. मग लिडियर्डनं जहाज मुद्दाम लो बारवर घातलं. खडकावर चुराडा होण्यापेक्षा खड्यांवर रुतलेलं बरं, हा त्याचा हिशेब, आणि दुसरा कुठला हिशेब त्याच्याकडे उरलाही नव्हता.

जहाज हाकेच्या अंतरावर अडकलं. मुख्य डोलकाठी किनाऱ्याच्या बाजूला कोसळली, तिच्यावरून काही जण सरपटत सुटले. बाकीचे पाण्यात पडले. जवळच्या हेल्स्टन गावातून आलेली माणसं किनाऱ्यावर उभी राहून बघत होती. काहींनी जिवावर उदार होऊन लोकांना ओढून काढलं. जहाजावर तीनशेवर माणसं होती. किती बुडाली याचे आकडे ६० पासून १९० पर्यंत सांगितले जातात. लिडियर्डही गेला, एका पोराला वाचवायच्या धडपडीत गेला असं सांगतात. हे मी आधी वाचलं होतं तेव्हा मनात आलं होतं, एवढ्या जवळून माणसं बाहेर कशी येऊ शकली नाहीत? ज्याला हा प्रश्न पडतो त्यानं लो बारच्या उतारावर चार पावलं चढून बघावीत. तीही कोरड्या कपड्यांत, डिसेंबरचं पाणी अंगावर नसताना.

बांध संपला की पलीकडच्या चढावर एक पांढरा क्रॉस आहे. १९४९ मध्ये उभारलेला. त्याच्यापाशी बसून घ्या, वारा कमी लागतो. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे समुद्रानं टाकलेली प्रेतं चर्चच्या आवारात पुरत नसत, कारण मेलेला ख्रिस्ती होता की नाही हे कुणी सांगावं? ॲन्सनवरच्या लोकांनाही कड्यावरच खड्डे खणून पुरलं. यावरून इतका संताप झाला की हेल्स्टनचे वकील टॉमस ग्रिल्स यांनी कायद्याचा मसुदा केला आणि १८०८ मध्ये तो मंजूर झाला: किनाऱ्याला लागलेलं प्रेत त्या गावच्या चर्चच्या दफनभूमीत रीतसर पुरायचं, खर्च काउंटीनं द्यायचा. पुढे सेंट केव्हर्नला याचा अर्थ डोळ्यांनी दिसतो.

गनवॉलो, डॉलर कोव्ह, पोल्डू, मलियन, कायनान्स: सगळं सुंदर आहे, सोपं आहे, आणि त्याचे फोटो तुम्ही हजारदा पाहिलेत. आम्ही पाय ओढत पार केलं. लो बारनं आमच्या पायांतला जीव काढून घेतला होता, त्यामुळे कायनान्सच्या निळ्या पाण्याबद्दल माझं मत विचारू नका. शाकाहारी मंडळींनी नेहमीची पेस्टी (सारण भरलेली भाजलेली मोठी करंजी) घेऊ नये, त्यात बीफ असतं, चीज-कांद्याची मागा. लिझर्डचं दीपगृह मात्र थांबून बघा. आजचे मनोरे १७५१-५२ चे आहेत आणि ॲन्सन बुडालं तेव्हा तिथे कोळशाच्या शेकोट्या पेटवत असत. तेलाचे दिवे १८१२ मध्ये आले.

लिझर्ड ते कव्हरॅक हा टप्पा "मध्यम" म्हणून सांगतात. खोटं आहे. चढ-उतार सतत चालू असतात, ब्लॅक हेडच्या अलीकडे तर घळीत उतरायचं आणि लगेच तेवढंच चढायचं. शिवाय इथला दगड सर्पेंटाइन. माणसांच्या पायांनी तो इतका घासलाय की पावसात तेल ओतल्यासारखा निसटतो, आणि कुंपणं ओलांडायच्या पायऱ्या त्याच दगडाच्या. पाऊस असेल तर हा टप्पा सोडून द्या, बसनं जा. मला कुणी सांगितलं असतं तर मी गेलो असतो.

कव्हरॅकच्या पुढे लोलँड पॉइंट. सपाट, दलदलीचं, गाईगुरांचं टोक, चालायला काहीच नाही. जागा मात्र महत्त्वाची. १६ जानेवारी १८०९ ला स्पेनमध्ये कोरुन्याची लढाई झाली, त्यानंतर इंग्रज सैन्य जहाजांत भरून मायदेशी निघालं. सातव्या हुसार, म्हणजे हलक्या घोडदळाच्या, पलटणीचे लोक घेऊन येणारं डिस्पॅच २२ जानेवारीला याच टोकावर फुटलं. शंभरावर माणसांतली सात वाचली. लढाई, बर्फातली पळापळ, सगळं भोगून आलेली माणसं घरापासून एका दिवसाच्या वाटेवर. त्याच पहाटे, काही किलोमीटर उत्तरेला, उलट दिशेनं स्पेनकडे निघालेलं प्रिमरोज हे १८ तोफांचं जहाज मॅनकल्सच्या खडकांवर गेलं. सव्वाशेच्या आसपास माणसांतून एक पोरगा जिवंत सापडला. त्याला पोर्थाउस्टॉकच्या कोळ्यांनी त्या समुद्रात होडी घालून आणलं.

मॅनकल्सबद्दल एक ताकीद. "जहाजं बुडालेली जागा दाखवतो" म्हणून एक होडीवाला आम्हाला भेटला, नाव देत नाही. माणशी पैसे ऐकून मेव्हण्यानं मराठीत जे उच्चारलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तरी आम्ही बसलो. दिसलं काय? एक बोया, बगळ्यांचे भाऊबंद चारदोन काळे पक्षी आणि भरतीचं पाणी. खडक पाण्याखाली! जहाज बघायला डुबकी मारणाऱ्याची गोष्ट वेगळी, वरून बघणाऱ्याला तिथे काही नाही. त्यापेक्षा ओहोटीची वेळ बघून किनाऱ्यावर जा. पाणी उतरलं की काळे सुळके एकामागून एक वर येतात आणि जमिनीपासून दीडेक किलोमीटर आत पसरलेली ती रांग फुकट दिसते. वेळापत्रक पाहताना उधाणाचे दिवस निवडा, त्या दिवसांत ओहोटीही जास्त खोल जाते.

सेंट केव्हर्नच्या चर्चला शिखर आहे, ते समुद्रावरून खूण म्हणून वापरत. आवारात प्रिमरोजवरची एक आखूड तोफ ठेवलीय, आत हुसारांची स्मृतिशिला आहे. १८०८ च्या कायद्यानंतरची ही प्रेतं, त्यामुळे ती इथे आहेत, कड्यावर नाहीत. मॅनकल्सनं थांबायचं नाव घेतलं नाही: १८५५ मध्ये कॅनडाला निघालेल्या जॉन जहाजावरचे १९० हून अधिक, १८९८ मध्ये मोहेगनवरचे १०६. मोहेगनचा ग्रॅनाइटचा क्रॉस चुकणार नाही.

हेल्स्टनच्या संग्रहालयासाठी मात्र अर्धा दिवस राखून ठेवा, मग भले कायनान्स सोडा. बाहेर ॲन्सनची तोफ आहे, आत बुडत्या जहाजावरच्या लोकांना वाचवायचं हेन्री ट्रेनग्राउसचं यंत्र. हा गावचा सुतार, फर्निचर करणारा. लो बारवरच्या त्या दिवशी तो किनाऱ्यावर होता. कॅप्टन मॅन्बीची उखळी तोफ याच सुमाराला आली होती, किनाऱ्यावरून जहाजाकडे दोरी फेकणारी. पण ती जड, गाडीवर ओढून न्यावी लागणारी. ट्रेनग्राउसनं उलटा विचार केला. वारा जमिनीकडे वाहतोय, जहाजावर दोरी आहे, मग दोरी जहाजावरूनच किनाऱ्याकडे का सोडू नये? त्यानं पेटीत मावेल असा अग्निबाण आणि बंदुकीसारखी नळी केली. या नादात त्याचे सुमारे ३,००० पौंड गेले. सरकारकडून ५० पौंड मिळाले, सोसायटी ऑफ आर्ट्सकडून रौप्यपदक आणि ३० गिनी, रशियाच्या झारकडून हिऱ्याची अंगठी. ती अंगठीही त्याला गहाण ठेवावी लागली. १८५४ मध्ये तो गेला. ती पेटी अगदी साधी आहे, झाकण उघडं ठेवलं नसतं तर हत्यारांची पेटी म्हणून पुढे गेलो असतो.

परतीचं बघून ठेवा. हेल्स्टनला रेल्वे नाही, प्रवासी गाड्या १९६२ मध्येच बंद झाल्या. रेड्रूथ स्टेशन गाठावं लागतं. सेंट केव्हर्नहून संध्याकाळची बस चुकली की गावातल्या पबमध्ये टॅक्सीचा नंबर मिळतो आणि टॅक्सीवाल्याला तुमची अडचण माहीत असते. आम्ही हेल्स्टनपर्यंत जे मोजले त्यात तिघांचं जेवण झालं असतं. भाडं बसायच्या आधी ठरवा, परतीचं रिकामं भाडं धरलंय का तेही विचारा. आणि दिशा उलटी करायची सोय असेल तर उलटीच करा: सेंट केव्हर्नहून सुरुवात, लो बार शेवटी. पाय त्यानंतर कामाचे राहत नाहीत, पण पोर्थलेवनला बस आहे.