स्प्रिंगफील्डच्या रेल्वे प्रदर्शनात: दोन फुटी रुळांची माणसं

मॉडेल रेल्वेचा नाद असेल आणि जानेवारीत अमेरिकेच्या ईशान्य भागात असाल, तर वेस्ट स्प्रिंगफील्डचं प्रदर्शन चुकवू नका. मॅसॅच्युसेट्समधली ॲमहर्स्ट रेल्वे सोसायटी ही हौशी लोकांची संस्था दरवर्षी साधारण जानेवारीच्या शेवटच्या शनिवार-रविवारी ते भरवते. जागा 'बिग ई'ची, म्हणजे सप्टेंबरात न्यू इंग्लंडची मोठी जत्रा भरते तेच मैदान. तिथल्या चार इमारती या दोन दिवसांत रेल्वेने भरून जातात: क्लबांचे चालते लेआउट (म्हणजे रूळ, गावं, डोंगर मांडून केलेले छोट्या रेल्वेचे देखावे), कंपन्यांचे स्टॉल, जुन्या मालाचे विक्रेते, बंद पडलेल्या रेल्वे कंपन्यांच्या इतिहास-संस्था. जमलेल्या पैशांतून सोसायटी खऱ्या रेल्वेच्या जतनाला अनुदान देते, त्यामुळे तिकिटाचे पैसे सत्कारणी लागतात.

मी गेलो ते नेरळ-माथेरानच्या गाडीचं मॉडेल करायचंय म्हणून. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे, १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. आपल्यापैकी अनेकांना हा नाद तिथेच लागला, मलाही. पण आपली भारतीय गाडी करायला घेतली की गणित अडतं. बाजारात सगळ्यात जास्त सामान मिळतं ते एच-ओ मापात, म्हणजे १:८७. त्याचा रूळ १६.५ मिलिमीटरचा. हे माप १४३५ मिलिमीटरच्या गेजचं (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर) आहे, जो अमेरिका-युरोपात चालतो. आपला ब्रॉडगेज १६७६. १:८७ने तो सव्वाएकोणीस मिलिमीटर येतो आणि तसा रूळ तयार मिळत नाही. माथेरानचा गेज ६१० मिलिमीटर, म्हणजे दोन फूट. तो ७ मिलिमीटर येतो, तोही सहज मिळत नाही. घरी बसून नेटवर वाचत राहिलं की माणूस या आकड्यांतच फिरत राहतो. ज्यांनी हे हाताने केलंय त्यांच्यासमोर उभं राहायचं होतं, म्हणून गेलो.

आधी पोचायचं कसं ते सांगतो. न्यूयॉर्कहून साधारण १४० मैल, बॉस्टनहून ९०. न्यू जर्सीतल्या एडिसनकडच्या मंडळींना गाडीने तीन तास धरा, पण हवामान बघूनच निघा. जानेवारीतला बर्फ आणि आय-९१ महामार्ग हे दोन्ही अंगावर घेऊ नका. मुक्काम करणार असाल तर खोली फार आधी धरा. वेस्ट स्प्रिंगफील्ड भरलं तर होलियोक, चिकोपी किंवा कनेक्टिकटमधलं एनफील्ड बघा. विमानाने येणाऱ्यांना ब्रॅडली विमानतळ जवळचा. आणि रेल्वेच्या प्रदर्शनाला रेल्वेनेच जायचं असेल तर न्यू हेवनहून हार्टफर्ड लाइन आहे. स्प्रिंगफील्डचं युनियन स्टेशन १९७३ पासून बंद पडलेलं होतं, ते २०१७ मध्ये पुन्हा उघडलं. त्याच्यासाठी मुद्दाम अर्धा तास काढा. स्टेशनपासून मैदान नदीपलीकडे आहे, थंडीत चालत जाऊ नका, टॅक्सी करा.

इमारती वेगवेगळ्या आहेत आणि एकीतून दुसरीत जाताना उघड्यावर यावं लागतं. बाहेर हाडं गोठतात आणि आत गर्दीमुळे घाम फुटतो. जाडजूड एकच कोट घालण्यापेक्षा थरांचे कपडे घाला आणि पाठीवर रिकामी सॅक ठेवा. बूट चांगले हवेत, कारण दिवसभर सिमेंटवर उभं राहायचं आहे. खायला पिझ्झा, फ्राइज, सूप असं जत्रेतलं मिळतं, रांगाही मोठ्या. आम्ही धपाटे आणि लसणाची चटणी नेली होती. शाकाहारी माणसाने असंच करावं.

मोठी इमारत मॅलरी कॉम्प्लेक्स. बहुतेक लोक दार उघडताच तिकडे किंवा स्टॉलांकडे धावतात. माझं मत असं, की शनिवारी सकाळी काहीही विकत घ्यायचं नाही. आधी चारही इमारती नुसत्या चालून बघायच्या आणि आपल्या प्रश्नाशी जुळणारा लेआउट कुठे आहे ते हेरून ठेवायचं. मोठ्या क्लबांचे मॉड्यूल, म्हणजे लेआउटचे सुटे तुकडे, जोडून केलेले लेआउट डोळे दिपवतात. शंभर वाघिणींची मालगाडी वळणावरून जाताना बघून पोरंच काय, म्हातारीकोतारीही तिथून हलत नाहीत. पण आपल्याला ज्याचं उत्तर हवंय ते अनेकदा कोपऱ्यातल्या चार फुटी मॉड्यूलवर असतं.

माझ्या बाबतीत ते मेन राज्यातल्या दोन फुटी रेल्वेची मॉडेलं करणाऱ्यांकडे होतं. भारतात दोन फुटी म्हटलं की दार्जिलिंग आणि माथेरान आठवतं. अमेरिकेत दोन फुटी रेल्वे म्हटलं की मेन. १८७७ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये बिलेरिका आणि बेडफर्ड या गावांमध्ये दोन फुटी गाडी सुरू झाली, ती अल्पावधीत बुडाली, आणि तिची इंजिनं-डबे उत्तरेला मेनमधल्या सँडी रिव्हर रेल्वेने घेतले. तिथे मात्र हा गेज मुरला. जंगलातलं लाकूड, शेतमाल, पर्यटक, सगळं त्या चिंचोळ्या रुळांवरून गेलं. रुळांच्या जवळजवळ तिप्पट रुंदीचे डबे त्यांनी चालवले. १९०१ मध्ये तर 'रेंजली' नावाचा एक आरामशीर पार्लर डबाही बांधून घेतला. १९३५ पर्यंत सँडी रिव्हर संपली. आज या रेल्वेचे वेडे लोक जितक्या प्रेमाने तिची मॉडेलं करतात तितकं प्रेम मी फार कमी ठिकाणी पाहिलंय.

त्यांच्यातल्या एका निवृत्त गृहस्थांशी बोलणं सुरू झालं ते माझ्या मोबाइलमधल्या एका फोटोवरून. जुम्मापट्टीजवळच्या वळणावरची माथेरानची गाडी. त्यांनी चष्मा वर करून फोटो मोठा केला आणि पहिला प्रश्न विचारला, "चढ किती?" मी म्हटलं, विसात एक. ते शेजारच्याला हाक मारून म्हणाले, "अरे, इकडे ये, विसात एक म्हणतायत!" मॉडेलवाले सहसा शंभरात दोन, फार तर तीनवर थांबतात. माथेरानचा चढ शंभरात पाच होतो. पण त्यांनी घाबरवलं नाही. म्हणाले, तुमची गाडी किती डब्यांची? थोडे डबे असतील तर जमेल. आधी एक फळी घ्या, तिच्यावर रूळ ठोका, एका टोकाखाली पुस्तकं ठेवून चढ द्या आणि इंजिन, डबे चालवून बघा. घसरलं तर इंजिनात शिसं भरा. लेआउट बांधायला त्यानंतर घ्या.

मग मापाचा गुंता सोडवायला बसलो. १:८७मध्ये ९ मिलिमीटरचा तयार रूळ वापरला तर तो खऱ्या मापात ७८३ मिलिमीटर होतो, म्हणजे माथेरानची गाडी बरीच रुंद पायांची दिसेल. १:४८ला १६.५चा रूळ घेतला तर ७९२. हे माप माथेरानला चालत नाही, पण ७६२ मिलिमीटरच्या बार्शी लाइट रेल्वेला किंवा यवतमाळच्या शकुंतला गाडीला चांगलं बसतं. सोलापूर-विदर्भाकडच्या मंडळींनी लिहून ठेवावं, या मापात तयार सामानही भरपूर मिळतं. माथेरानसाठी त्यांनी सुचवलं ते १:३५. त्याच १६.५च्या रुळावर ते ५७७ मिलिमीटर येतं, ६१०च्या पुष्कळ जवळ. १:३५ हे लष्करी मॉडेलांचं माप. त्यामुळे माणसं, पेट्या, पिंपं, हत्यारं, झाडं सगळं बाजारात तयार. इंजिनासाठी एच-ओतलं यार्डातलं लहान तीन आसांचं इंजिन घ्यायचं, वरचं कवच उतरवायचं आणि त्याच्या चेसिसवर प्लास्टिकच्या पत्र्यातून आपलं शरीर उभं करायचं. माथेरानची मूळ वाफेची इंजिनं जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कॉपेलची. टोकाचे आस वळणावर थोडे फिरावेत अशी क्लिन-लिंडनर रचना त्यांच्यात होती. मॉडेलमध्ये ती करायची गरज नाही, मधल्या आसाला आडवी ढील दिली की चेसिस तीव्र वळण घेतो. घरी अनेक संध्याकाळी अडून राहिलेली गोष्ट तिथे चहा निवायच्या आत सुटली.

त्यांच्या मॉड्यूलवरची जमीन मी हात न लावता शक्य तितक्या जवळून पाहिली. रंग दिलेली नव्हती, खरी माती होती, चाळून, वाळवून, पातळ केलेल्या फेव्हिकॉलसारख्या गोंदात बसवलेली. खडीवर गोंद ड्रॉपरने सोडतात, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब घालतात म्हणजे पाणी खडीवर न थांबता आत उतरतं. मी म्हटलं, माथेरानची माती लाल, जांभ्याची. ते लगेच म्हणाले, "लोह असणार. चाळल्यावर तिच्यातून लोहचुंबक फिरवा. नाहीतर बारीक कण मोटारच्या चुंबकाला चिकटतात आणि इंजिन मरतं." त्यांनी खिशातून कागदात गुंडाळलेलं चुंबक काढून दाखवलं, कागदाला काळी पूड लागलेली. हा सल्ला कोकणातल्या, घाटातल्या कुणीही लेआउट करणाऱ्याने ध्यानात ठेवण्यासारखा आहे. मात्र अमेरिकेत राहत असाल तर भारतातून माती आणू नका, परवान्याशिवाय आणता येत नाही. चांगल्या उजेडात फोटो काढा आणि इथल्या मातीला रंग देऊन मेळ घाला.

दुसरा धागा मला अपेक्षित नव्हता. आल्को (अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनी) इंजिनांचे चाहते या भागात फार आहेत, कारण कारखाना न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडीचा. १९६९ मध्ये तो बंद पडला. आपल्याकडे डब्ल्यूडीएम-२ म्हणून जे डिझेल इंजिन घरोघरी ओळखीचं झालं ते आल्कोचंच. पहिली इंजिनं १९६२ मध्ये तिकडून आली, मग १९६४ पासून वाराणसीत बनू लागली. आल्कोवाल्यांच्या टेबलाशी जाऊन एवढं सांगितलं की खुर्ची पुढे सरकते. वाराणसीत ती किती वर्षं बनत राहिली हे ऐकून एका आजोबांचे डोळे खरोखर चमकले. ते स्केनेक्टडीतच वाढलेले. आपल्याकडचे फोटो असतील तर मोबाइलमध्ये भरून न्या. ते दाखवले की ओळख करून घ्यावी लागत नाही.

मराठीही ऐकू आलं. मॅलरीत एका लांब लेआउटपाशी आम्ही दोघं बोलत होतो, तर पाठीमागून आवाज आला, "कुठले तुम्ही?" कनेक्टिकटमध्ये राहणारे एक काका, मूळचे कर्जतचे. त्यांचं बालपण कर्जतच्या फलाटावर बँकर इंजिनं (घाट चढताना गाडीला मागून ढकलणारी) जोडताना बघण्यात गेलेलं. त्यांना भोर घाट करायचाय, तोही १९२९च्या आधीचा, जेव्हा खंडाळ्याच्या बाजूला रिव्हर्सिंग स्टेशनवर गाडीची दिशा बदलावी लागे. सदतिसात एकचा चढ, एवढे बोगदे, आणि तळघरात जागा जेमतेम. मी म्हटलं, "काका, सगळा घाट कशाला, रिव्हर्सिंग स्टेशनच करा." रिव्हर्सिंग स्टेशन मॉडेलवाल्याला वरदान असतं, कारण गाडी तिथे येऊन थांबते, इंजिन सुटतं, दुसऱ्या टोकाला लागतं, म्हणजे कमी जागेत भरपूर काम. काकांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यावर आधीच तेच काढलेलं होतं. आता आम्ही एकमेकांना नकाशे पाठवतो.

खरेदीचं थोडक्यात. रोख पैसे न्या, लहान विक्रेत्यांकडे बरं पडतं. जुनं इंजिन घेताना चालवून दाखवायला सांगा, बहुतेकांकडे रुळाचा तुकडा आणि कंट्रोलर असतो. चाकं उलटी करून बघा, घासलेली पितळी कडा दिसली तर सोडा. डीसीसी प्रणाली (रुळातून डिजिटल संदेश देऊन प्रत्येक इंजिन वेगळं चालवणारी) घेऊन भारतात नेणार असाल तर वीजपुरवठ्याच्या डब्यावर '१००-२४० व्होल्ट' लिहिलंय का ते वाचा, अमेरिकी १२०वाला आपल्या २३०वर जळेल. इंजिनं हातातल्या सामानात ठेवा, वरून उघडून दाखवता येतील अशी बांधा. रविवारी दुपारनंतर भाव उतरतात, पण नेमकी हवी असलेली वस्तू तोवर राहीलच असं नाही.

मुलांना आणायचं असेल तर रविवारी दुपारी आणा, शनिवारच्या गर्दीत लहानांना काही दिसत नाही. घडीचं छोटं स्टूल सोबत ठेवा.

आणि रविवारी लवकर निघू नका. बंद होण्याच्या वेळी मॉड्यूल सुटे होतात आणि दोन दिवस झाकलेला खालचा भाग उघडा पडतो: वायरी कशा गटांत बांधल्यात, पाय कसे दुमडतात, दोन चौकटी कोणत्या बोल्टने जुळतात, रुळांची टोकं प्रवासात वाकू नयेत म्हणून कशी झाकतात. विचारून फोटो काढा, मोजपट्टी जवळ ठेवा. फळी उचलायला दोन हात कमी पडत असतीलच, तेव्हा विचारून हात लावा. मेनवाल्या गृहस्थांचं मॉड्यूल गाडीत चढवताना त्यांनी मला त्याच्या चौकटीचं माप लिहून दिलं, आणि मी आता त्याच मापावर माझी पहिली फळी कापतोय.