मिहोचे पाईन आणि अण्णांचं इथ्रेल

आमच्या सांगोल्याकडे सूत्रकृमी, म्हणजे दोऱ्यासारखा बारीक किडा, म्हटलं की डाळिंबाच्या मुळांवरच्या गाठी. त्यामुळे जपानमधल्या शिझुओकातल्या मिहो किनाऱ्यावरून व्हिडिओ कॉलवर अण्णांना एक करपलेला पाईन दाखवला आणि याला सूत्रकृमी लागलाय म्हटलं, तेव्हा ते म्हणाले, "मग मूळ उकरून दाखव की."

मूळ उकरून काही दिसलं नसतं. हा सूत्रकृमी खोडात राहतो.

मिहोला समुद्राच्या कडेने काळ्या पाईनचं मोठं बन आहे, सुमारे 30 हजार झाडं. लोक इथून फुजीचे फोटो काढतात, मी लाल पडलेल्या सुया शोधत फिरते. नवऱ्याला याचा कंटाळा आलाय, पण शेतकऱ्याच्या पोरीची नजर आधी रोगट झाडाकडेच जाणार.

किडा जेमतेम एक मिलिमीटर लांब, मूळचा उत्तर अमेरिकेतला. जपानमध्ये पाईन असे मरू लागल्याची पहिली नोंद नागासाकीची, 1905 ची. खरा गुन्हेगार मात्र कियोहारा आणि तोकुशिगे या संशोधकांनी 1971 मध्ये दाखवून दिला. तोवर सगळा आळ भुंग्यांवर होता, आणि तो अगदीच खोटाही नव्हता. लांब मिशांचा एक भुंगा उन्हाळ्याच्या तोंडाला कोवळ्या फांद्यांची साल खातो. त्याच्या श्वासनलिकांत बसून आलेले सूत्रकृमी त्या जखमेतून झाडात उतरतात, राळेच्या नळ्यांतून पसरतात आणि नळ्यांच्या कडेच्या पेशी खातात. आधी राळ आटते, मग पाणी नेणाऱ्या नळ्यांत हवा शिरते. उन्हाळा सरता सरता झाड उभं वाळतं आणि भुंग्याची मादी नेमकी अशाच झाडात अंडी घालते.

मग झाड काहीच करत नाही का? अण्णांनीही हेच विचारलं.

करतं, आणि हार्मोनच्या जोरावर करतं. सॅलिसिलिक ॲसिड, म्हणजे ॲस्पिरिनचं जवळचं भावंड, बहुतेक झाडांत जिवंत पेशींवर जगणाऱ्या जंतूंविरुद्ध कामाला येतं. कुरतडणं, जखमा यांच्यासाठी जॅस्मोनिक ॲसिड. त्याचंच एक रूप, मिथाइल जॅस्मोनेट, चमेलीच्या अत्तरात असतं. बऱ्याच वनस्पतींत एकाचा जोर वाढला की दुसऱ्याचा उतरतो. तिसरं इथिलीन. ते अण्णांना समजावायची गरज पडली नाही. बहार धरताना पानगळीसाठी डाळिंबावर इथ्रेल मारतात, त्यातून इथिलीनच सुटतं. पाईनच्या भाऊबंदांत जॅस्मोनेट आणि इथिलीन मिळून नव्या राळनळ्या तयार करायला लावतात. स्प्रूसच्या सालीला नुसतं मिथाइल जॅस्मोनेट चोपडलं, तरी भुंगा आल्यासारखं समजून ते झाड राळेची तयारी करतं.

मला खरी चटका लावणारी गोष्ट पुढेच आहे. जपानी संशोधकांनी रोगाला बळी पडणारा आणि टिकणारा असे दोन्ही काळे पाईन तपासले. बळी पडणारं झाड गप्प बसलेलं नव्हतं. उलट सूत्रकृमी आत जाताच त्याने संरक्षक प्रथिनांचा असा काही भडिमार केला की बस्स. ही प्रथिनं बहुतेक वनस्पतींत सॅलिसिलिक ॲसिडच्या हुकमाने बनतात. टिकणाऱ्या झाडाने तीच प्रथिनं बेताने बनवली आणि मग पेशींच्या भिंती मजबूत करायला घेतल्या. पोर्तुगालमध्ये हा रोग 1999 मध्ये सापडला. तिथल्या किनारी पाईनच्या टिकणाऱ्या रोपांतही जॅस्मोनेटचा मार्ग जोरात आणि पेशींच्या भिंती कडक करणारं लिग्निन जास्त दिसलं. झाड मरतं त्यात किड्याइतकाच झाडाच्या स्वतःच्या घाईचाही हात असावा, असं माझं मत होत चाललंय.

असं संयमी झाड मिळणं मात्र महाकठीण. जपानने 1978 पासून रोगाने उजाड झालेल्या बनांतून तगून राहिलेली लाल आणि काळ्या पाईनची मिळून सुमारे 25 हजार झाडं हेरली, त्यांच्या रोपांना मुद्दाम सूत्रकृमी टोचले आणि चाळण लावली. त्या पहिल्या मोहिमेत काळ्या पाईनचे फक्त 16 वाण हाती लागले.

"एवढं कशाला?" अण्णा म्हणाले. "ते जॅस्मोनेटच फवारायचं की."

फवारून पाहिलंय लोकांनी, पण साल खाणाऱ्या दुसऱ्या भुंग्यांसाठी. युरोपात रोपांवर फवारल्यावर भुंग्यांनी साल कमी खाल्ली. पण राळ वाढली तशी रोपांची वाढ मंदावली, आणि 30 हजार उंच झाडांच्या बनावर ते मारायचं कोण आणि कितीदा? त्यापेक्षा वाळलेली झाडं वेळेत तोडून, भुंगे बाहेर पडायच्या आत जाळणं किंवा त्यांचा भुगा करणं परवडतं.

"मग जाळाच," अण्णा म्हणाले, आणि डाळिंबाच्या भावावर आले.