चौथ्या दिवशीची साखर

आज दादाच्या वजन कमी करण्याच्या ऑपरेशनचा (गॅस्ट्रिक बायपास) चौथा दिवस. सकाळी बोट टोचलं, मशीनवर 118. दादा म्हणाला, "बिघडलंय का गं हे?" बारा वर्षं टाइप टू मधुमेह, रोज इन्सुलिन, उपाशीपोटी दोनशेच्या खाली आकडा क्वचितच पाहिलेला.

मला वाटायचं, आधी वजन उतरेल, मग साखर. पण वजन जेमतेम दोन किलो हललंय! डॉक्टरांनी कागदावर चित्रच काढलं. जठराची छोटी पिशवी केली, ती लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग वगळून त्याच्या पुढच्या भागाला जोडली. अन्न तिथे पटकन पोचतं, जीएलपी-1 हे हार्मोन जास्त सुटतं आणि ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. शिवाय खाणंच घटल्यामुळे यकृतही साखर कमी सोडतं.

"म्हणजे बरा झालो?"

"बरा नाही. रेमिशन." म्हणजे आजार दबलेला, गेलेला नाही. तेही औषधांशिवाय तीन महिने एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) 6.5 टक्क्यांच्या खाली राहिलं तर. काहींची साखर वर्षांनी परत चढते. जीवनसत्त्वाच्या गोळ्या मात्र जन्मभर. (याला 'शॉर्टकट' म्हणणाऱ्या नातेवाइकांना नमस्कार.)

दुपारी 30 मिली पाणी प्यायला दादाला वीस मिनिटं लागली. एका दमात बाटली संपवणारा माणूस!

निघताना वहिनीने पर्समधून इन्सुलिनचं पेन काढलं, बघितलं, परत आत ठेवलं.