डीएनए तोच, मग म्हातारपण येते कुठून?

पेशीजीवशास्त्र शिकवत असल्यामुळे मला एक प्रश्न हमखास विचारला जातो : डीएनए जन्मापासून जवळपास तोच राहतो, मग त्यावर चालणारे शरीर म्हातारे का होते? वयाबरोबर डीएनएला इजा होते हे खरेच. पण या उत्तराचा एक मोठा आणि दुर्लक्षित भाग आरएनएमध्ये आहे, असे मला ठामपणे वाटते. जनुकाची आरएनए-प्रत निघते, तिच्यातले नको असलेले तुकडे कापून उरलेले जोडले जातात आणि मग त्या प्रतीवरून प्रथिन बनते. हे काम बिघडले, तर डीएनएचा मूळ मजकूर शाबूत असूनही पेशी बिघडते.

प्रोजेरिया या दुर्मीळ आजारात हे फार स्पष्ट दिसते. त्यात लहान मुलांच्या रक्तवाहिन्या वृद्धांसारख्या कडक होतात आणि बहुतेक मुले किशोरवयातच हृदयविकाराने दगावतात. त्याचे कारण २००३ मध्ये सापडले : लॅमिन-ए प्रथिनाच्या जनुकात केवळ एका अक्षराचा बदल. या बदलाने प्रथिनाचा घटक असलेले अमिनो आम्ल बदलतच नाही, त्यामुळे नुसता मजकूर वाचणाऱ्याला तो निरुपद्रवी वाटेल. मात्र त्याच्यामुळे आरएनए भलत्याच जागी कापले जाते, १५० अक्षरे गळतात आणि ५० अमिनो आम्लांनी तोकडे असलेले प्रोजेरिन हे प्रथिन तयार होऊन पेशीकेंद्रकाचा आकार वेडावाकडा करते. हीच चुकीची कापणी निरोगी माणसांच्या पेशींतही अगदी थोड्या प्रमाणात होते, असे २००६ मध्ये दिसून आले. सर्वांचे वार्धक्य प्रोजेरिनमुळेच येते, असा अर्थ मात्र यातून काढू नये.

प्रत काढण्याचा वेगही महत्त्वाचा आहे. कृमी, फळमाशी, उंदीर, मोठा उंदीर (रॅट) आणि माणूस या पाचही जीवांत वयाबरोबर तो वाढतो, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. जनुकीय बदलाने हा वेग मंदावलेले कृमी आणि माश्या अधिक काळ जगल्या. घाई पेशीलाही मानवत नसावी.

यावर पुढचा प्रश्न असतो, की मग आरएनएवरच्या औषधाने म्हातारपण थांबेल का. तसे औषध आज नाही, आणि तसे आश्वासन देणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. एकेका आजारावर मात्र हा मार्ग खुला झाला आहे. यकृतातील एका संदेशवाहक आरएनएचा नाश करून कोलेस्टेरॉल उतरवणारे इन्क्लिसिरान हे औषध वर्षातून दोनदा टोचून घेतात. आणि प्रोजेरियाची ती चुकीची कापणी रोखणाऱ्या रेणूंनी तो आजार असलेल्या उंदरांचे आयुष्य लक्षणीय वाढल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले आहे.