थायरॉईडची गोळी आणि तीन महिने मागे चालणारे केस

थायरॉईडची गोळी सुरू केली आणि केस अधिकच गळायला लागले, म्हणून गोळीच बंद करून टाकली, असे सांगणाऱ्या बायका मला आमच्या भागात वरचेवर भेटतात. मी आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यात शिक्षिका आहे आणि गेली काही वर्षे ही गोळी स्वतः घेते. गावात ते सर्वांना ठाऊक असल्यामुळे पालकसभा संपल्यावर मुलांच्या अभ्यासाइतकेच या विषयावरही बोलणे होते. ‘मॅडम, गोयी सुरू केली तं केस अजूनच जाऊन रायले,’ असे एखादी सांगते तेव्हा ती खोटे बोलत नसते. तिचे निरीक्षण बहुधा बरोबरच असते. ती दोष मात्र चुकीच्या ठिकाणी लावते, आणि त्या दोषापायी गोळी सुटते याची मला काळजी वाटते.

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि त्यांतले शेकडा ८५ ते ९० एका वेळी वाढीच्या अवस्थेत असतात. ही अवस्था २ ते ६ वर्षे चालते. त्यानंतर केसाचे मूळ दोन-तीन आठवड्यांत आक्रसते आणि केस विश्रांतीच्या अवस्थेत जातो, म्हणजे वाढ थांबलेली असूनही तो सुमारे तीन महिने जागेवर टिकून राहतो आणि मग गळतो. दिवसाला ५० ते १०० केस जाणे हा याच व्यवहाराचा भाग आहे. आमच्याकडे केसांवर भांडी देणारा फेरीवाला येतो, त्याच्यासाठी बायका फणीतले केस गुंडाळून भिंतीच्या खोबणीत जपून ठेवतात, त्यामुळे गळती वाढल्याचे त्यांना कोणत्याही तपासणीआधी त्या गुंडाळीवरूनच कळते.

थायरॉईड ग्रंथीचे संप्रेरक केसांच्या मुळांना वाढीच्या अवस्थेत धरून ठेवायला मदत करते. ते कमी पडले की नेहमीपेक्षा जास्त केस एकाच वेळी विश्रांतीत जातात आणि जे उरतात ते कोरडे, राठ व ठिसूळ होतात. गळती टाळूभर सारखी असते, एखाद्याच जागी नसते. काहींच्या भुवयांचा बाहेरचा तिसरा हिस्सा विरळ होतो. सोबत थकवा, बद्धकोष्ठता, पाळीला जास्त रक्तस्राव, आवाज जड होणे आणि वैशाखातही पहाटे अंगावर चादर ओढावीशी वाटणे, अशी लक्षणे असतील तर रक्तातले टीएसएच तपासायलाच हवे. हे संप्रेरक मेंदूतल्या पीयूषिका ग्रंथीतून येते आणि थायरॉईडला कामाला लावते. ग्रंथी आळसावली की टीएसएच वाढते, म्हणून अहवालातला आकडा जास्त आणि आजार मात्र ‘कमी’चा, असा गोंधळ पुष्कळांचा होतो. प्रौढांमध्ये हा आकडा साधारण ०.४ ते ४ च्या दरम्यान असावा असे धरतात. तो किंचित वर गेला म्हणून केस गळतात असे सहसा होत नाही. थायरॉईडमुळे होणारी ठळक केसगळती कमतरता बरीच आणि बरेच दिवस राहिली की दिसते.

आता गोळी सुरू केल्यावर गळती का वाढते ते पाहू. आज गळणारा केस सुमारे तीन महिन्यांपूर्वी, म्हणजे गोळीचे नावही घरात नव्हते तेव्हा, विश्रांतीत गेलेला असतो आणि गोळी त्याला परत वाढीला लावू शकत नाही. शिवाय संप्रेरक पुरेसे मिळू लागले की झोपलेली मुळे पुन्हा जागी होतात आणि खालून येणारा नवा केस वरच्या जुन्या केसाला ढकलून बाहेर काढतो. म्हणूनच लेव्होथायरॉक्सिनच्या, म्हणजे याच गोळीच्या, माहितीपत्रकात पहिल्या काही महिन्यांतल्या तात्पुरत्या केसगळतीचा उल्लेख असतो. नेमकी याच काळात गोळी सोडली तर जागी झालेली मुळे पुन्हा थंडावतात आणि सगळा हिशोब पहिल्यापासून मांडावा लागतो.

मात्रेचेही तसेच आहे. या औषधाचा रक्तातला अर्धा अंश जायला सुमारे सात दिवस लागतात आणि त्याची पातळी स्थिर व्हायला पाच-सहा आठवडे जातात, म्हणून मात्रा बदलल्यावर ६ ते ८ आठवड्यांच्या आत टीएसएच तपासून काही उपयोग नसतो. ज्यांची ग्रंथी जवळजवळ कामच करत नाही त्यांना वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज सुमारे १.६ मायक्रोग्रॅम औषध लागते, म्हणजे ६० किलोच्या बाईला शंभराच्या आसपास. पण वयस्कर किंवा हृदयविकार असलेल्या माणसाला डॉक्टर १२.५ किंवा २५ पासूनच सुरुवात करतात आणि हळूहळू वाढवतात. तेव्हा २५ च्या गोळीवर महिनाभर राहून ‘फरक नाही’ असा निकाल देणे अन्यायाचे आहे. माझी स्वतःची मात्रा ५० वरून ७५ वर नेली गेली. त्यानंतर टीएसएच जागेवर आले तेव्हाही फणी भरलेलीच होती, आणि कपाळाच्या कडेला आखूड, उभे राहणारे नवे केस दिसू लागले ते त्याच्याही बऱ्याच नंतर. केस महिन्याला जेमतेम एक सेंटीमीटर वाढतो. वेणी पूर्वीसारखी दिसायला किती काळ लागेल याचा अंदाज यावरून प्रत्येकीने करावा.

या तीन महिन्यांच्या अंतरामुळे आमच्या भागात एक गोष्ट विशेष घडते. पेरणीपासून निंदणापर्यंतच्या धांदलीत गोळी चुकते. बाटली संपली तर पुढच्या आठवडी बाजारापर्यंत राहू द्यावे असे वाटते, आणि औषध शरीरातून सावकाश जात असल्यामुळे चार-आठ दिवस काही जाणवतही नाही. मग गोळीवाचून भागते अशी समजूत होते आणि खाडा लांबतो. त्या खाड्यापायी केस जातात ते दिवाळीच्या सुमारास, कापूस वेचणीच्या दिवसांत, जेव्हा गोळी बहुधा पुन्हा सुरू झालेली असते. श्रावणातल्या खाड्याचा संबंध कार्तिकातल्या गळतीशी जोडायचे कोणाच्या मनात येत नाही. दोष जातो तेलाला, पाण्याला, किंवा पुन्हा त्याच गोळीला. म्हणून मी सर्वांना भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर गोळी घेतल्याची खूण करायला सांगते. डॉक्टरांनाही केसांच्या वर्णनापेक्षा त्या खुणांचा उपयोग जास्त होतो, कारण टीएसएच वाढलेले दिसले तर मात्रा कमी पडते आहे की गोळ्याच चुकल्या आहेत, हे त्यावरून ठरवता येते.

गोळी रोज घेऊनही ती अंगी न लागण्याची कारणे तर आपल्या स्वयंपाकघरातच आहेत. ही गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत घ्यायची आणि त्यानंतर निदान अर्धा तास, शक्य तर तासभर, चहासुद्धा घ्यायचा नाही, हा नियम पहाटे उठून डबा भरून मजुरीला निघणाऱ्या बाईला पाळता येईल असा नाही, हे लिहून देणाऱ्यांनी ध्यानात घ्यायला हवे. तिच्यासाठी रात्री, जेवणानंतर किमान तीन तासांनी, झोपताना गोळी घेण्याचा मार्ग आहे आणि तो वैद्यकदृष्ट्या मान्य आहे. डॉक्टरांना विचारून तो धरावा आणि मग वेळ बदलत राहू नये. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या थायरॉईडच्या गोळीला आतड्यातच अडवतात, म्हणून त्यांच्यात चार तासांचे अंतर लागते. गरोदरपणात या दोन्ही गोळ्या आरोग्य केंद्रातून मिळतात आणि थायरॉईडची गरजही नेमकी त्याच काळात साधारण पाव हिश्श्याने किंवा त्याहून अधिक वाढते, तेव्हा तिन्ही गोळ्या एकत्र गिळणे हे सर्वांत वाईट. सोयाबीन आपल्या शेताचेच पीक असल्यामुळे काही घरांत ते कणकेत दळून घालतात; त्याने थायरॉईड बिघडत नाही, पण गोळीच्या लगोलग खाल्ले तर तिचे शोषण कमी होते. आम्लपित्ताच्या रोजच्या गोळ्यांचाही तोच परिणाम होतो.

उन्हाचे वेगळेच. हे औषध उष्णता, ओल आणि प्रकाश या तिन्हींना भिते, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, टिनाच्या छपराखाली तर विचारायलाच नको. बाटली आतल्या खोलीत, कपाटाच्या खालच्या खणात, झाकण घट्ट लावून ठेवावी. गोळ्या सुट्ट्या करून कागदाच्या पुडीत नेऊ नयेत.

केस गळतात म्हणून मनानेच मात्रा वाढवणारेही आहेत. संप्रेरक जास्त झाले तरी केस गळतातच, त्यामुळे अशा माणसाला मात्रा अजून कमीच पडते आहे असे वाटत राहते. छातीत धडधड, हात थरथरणे, घाम, झोप उडणे, वजन उतरणे ही लक्षणे दिसली तर तपासणी लगेच करावी. बराच काळ जास्त मात्रा घेतल्याने हृदयाचे ठोके अनियमित होतात आणि हाडे ठिसूळ होतात, पाळी गेलेल्या बायकांत विशेष करून.

औषधाच्या दुकानात केसांसाठी म्हणून हमखास मिळणाऱ्या बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्यांबद्दल मात्र मी जरा तिखटपणे सांगते. बायोटिनची खरी कमतरता फार क्वचित आढळते, पण जास्त मात्रेतले बायोटिन प्रयोगशाळेतल्या काही चाचण्यांत ढवळाढवळ करते. त्या चाचण्यांत टीएसएच खोटेच कमी आणि थायरॉईडचे संप्रेरक खोटेच जास्त दिसते. अहवाल पाहून डॉक्टर चालू मात्रा कमी करतात, आणि बाईचे केस त्या कमी झालेल्या मात्रेमुळे पुन्हा गळतात. चाचणीआधी निदान दोन दिवस बायोटिन बंद ठेवावे आणि आपण ते घेतो हे डॉक्टरांना न लपवता सांगावे. त्या दिवशीची थायरॉईडची गोळीही रक्त दिल्यावरच घ्यावी.

जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव आणि आसपासच्या गावांतल्या लोकांचे केस काही दिवसांत मुळासकट हातात येऊ लागले, तेव्हापासून विदर्भात केस गळणाऱ्या प्रत्येकाला रेशनच्या गव्हाचा संशय येतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पथक तिथे येऊन गेले आणि डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गव्हातल्या सेलेनियम या खनिजाच्या जादा प्रमाणाकडे बोट दाखवले. तो प्रकार थायरॉईडपेक्षा निराळा आहे. तिथे एकाच वेळी घराघरांतली लहानमोठी माणसे, पुरुषही, झपाट्याने टकली झाली. थायरॉईडची गळती एकेकट्या माणसात, महिनोन्‌महिने चालते. एक दुवा मात्र आहे. थायरॉईडचे संप्रेरक कार्यक्षम रूपात बदलणाऱ्या विकरांना (एन्झाइम्सना) सेलेनियम लागते, म्हणून काही जण ‘थायरॉईडसाठी’ त्याच्या गोळ्या घेतात. पण ते अत्यल्प प्रमाणातच लागते आणि जास्त झाले तर केस आणि नखे दोन्ही जातात.

टीएसएच जागेवर येऊन सहा-आठ महिने झाले आणि तरी गळती तशीच असेल, तर थायरॉईडचा पिच्छा सोडून दुसरे कारण शोधावे. आपल्याकडे पहिले नाव रक्तातल्या लोहाचे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता, आणि कमी थायरॉईडमुळे पाळीला जास्त रक्त जात असेल तर दोन्ही कारणे एकाच बाईत एकत्र येतात. हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन तपासले तर साठ्यातल्या लोहाचा अंदाज येतो. बाळंतपण, टायफॉईड किंवा डेंग्यूचा ताप यांनंतरही दोन-तीन महिन्यांनी गळती होते आणि ती आपोआप थांबते. नाण्याएवढी गोल चाई पडली असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे; ती प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटल्याने होते आणि थायरॉईडच्या रुग्णांत जास्त आढळते.

माझ्या बाबतीत गळती थांबली, भुवया भरल्या, पण भांगाची रुंदी पूर्वीइतकी झाली नाही. वर्ध्याच्या त्वचारोगतज्ज्ञांनी टाळू पाहून सांगितले की हा भाग आनुवंशिक आहे, थायरॉईडची मात्रा कितीही नेमकी ठेवली तरी तो भरून येणार नाही, आणि हवे असेल तर मिनॉक्सिडिल हे केस वाढवणारे औषध टाळूला लावता येईल. तेही सुरुवातीच्या काही आठवड्यांत गळती वाढवते, लागू पडले तर ते सतत लावत राहावे लागते आणि सोडले की मिळवलेले केस काही महिन्यांत जातात, हेही त्यांनी आधीच स्पष्ट केले. मी ते घेतलेले नाही. आईचा भांगही माझ्या वयात असाच रुंद होता, आणि रोजची एक गोळी सांभाळणे मला पुरेसे वाटते.